ठेका चिपचा, नाद सर्किटचा

१९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीआर-८०८’ हे तालयंत्र बाजारात आणले. त्याच्या दर्शनी भागावर ‘कॉम्प्युटर कंट्रोल्ड’ असे शब्द छापलेले होते. संगणक ही त्या काळी बँकेत, विद्यापीठात किंवा अवकाशमोहिमेत असायची गोष्ट. त्यामुळे वादकाच्या टेबलावरच्या पेटीला हे दोन शब्द चांगलाच रुबाब देत. आत खरोखरच संगणक होता. एनईसी कंपनीची, अवघ्या चार बिटांची एक मायक्रोकंट्रोलर चिप. गंमत अशी की या संगणकाला एकही ठोका वाजवता येत नव्हता. ठोका कधी पडायचा, एवढेच त्याच्या हाती होते. नाद काढायचा तो शेजारच्या ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटरांनी.

पुढच्या चाळीस वर्षांत ही वाटणी पार बदलली. आज शंभर-दोनशे रुपयांची चिप स्वतःच बेस ड्रम वाजवते, झांज वाजवते, टाळ्याही वाजवते. तरीही सर्किट हद्दपार झालेले नाही. कोणता आवाज चिपने काढायचा आणि कोणता सर्किटने, हा प्रश्न तालयंत्रे बनवणाऱ्यांना प्रत्येक पिढीत नव्याने सोडवावा लागला, आणि दर वेळी उत्तर ठरवले ते मेमरीच्या किमतीने, चिपच्या वेगाने आणि माणसाच्या कानाने.

गोष्ट सुरू होते ती चिपच्या आधी. १९५९ मध्ये अमेरिकेच्या वुर्लिट्झर कंपनीने ‘साइडमॅन’ नावाचे यंत्र काढले. फर्निचरमध्ये शोभेल अशी लाकडी पेटी, आत मोटरने फिरणारी तबकडी आणि तिच्यावर धातूचे संपर्कबिंदू. तबकडी फिरली की बिंदू एकामागून एक जुळत आणि व्हॅक्यूम ट्यूबच्या सर्किटांतून ढोल, ब्रश, वुडब्लॉक यांचे आवाज निघत. ऑर्गन वाजवणाऱ्या एकट्या कलाकाराला साथ मिळावी हा उद्देश. टोकियोच्या शिंजुकू भागातल्या एका नाइटक्लबात तादाशी ओसानाई हा अकॉर्डियनवादक याच यंत्राच्या साथीने वाजवत असे. ते त्याला फारसे पसंत नव्हते. क्लबचे मालक त्सुतोमू कातो यांना त्याने गळ घातली, की याहून चांगले यंत्र आपण बनवू शकतो. त्यातून १९६३ मध्ये ‘डोंका-मॅटिक’ तयार झाले आणि कातोंची ती छोटी कंपनी पुढे कोर्ग या नावाने जगभर गेली.

ओसाकात त्याच सुमारास आणखी एक माणूस हाच विचार करत होता. इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० चा. दोन वर्षांचे असताना आई-वडील क्षयाने गेले. सोळाव्या वर्षी ते क्यूशू बेटावर जाऊन घड्याळे दुरुस्त करू लागले. पुढे रेडिओ दुरुस्तीकडे वळले. ओसाकाला परतल्यावर स्वतःलाच क्षयाने गाठले आणि काही वर्षे आरोग्यधामात गेली. स्ट्रेप्टोमायसिन त्या वेळी नवे होते. ते त्यांना मिळाले आणि जीव वाचला. संगीताचे रीतसर शिक्षण नाही, पियानोवर हात बसलेला नाही, पण यंत्राची नस ओळखणारा हा माणूस होता. १९६० मध्ये त्यांनी ‘एस इलेक्ट्रॉनिक’ ही कंपनी काढली आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात ‘आर-१ ऱ्हिदम एस’ मांडले. त्याची बटणे हाताने दाबावी लागत. ताल आपोआप धरला जात नसल्याने त्याला कुणी विचारले नाही.

काकेहाशी कामाला लागले. १९६७ च्या ‘एफआर-१’ मध्ये त्यांनी डायोडची जाळी वापरली. आडव्या-उभ्या तारांच्या छेदांवर जिथे डायोड, तिथे ठोका. रुंबा, वॉल्ट्झ, रॉक अशा १६ तालांसाठी १६ रचना कायमच्या जोडून टाकलेल्या. हॅमंड कंपनीने आपल्या ऑर्गनांसाठी हे यंत्र उचलले आणि धंदा उभा राहिला. पण वादकाला स्वतःचा ताल बांधायचा असेल तर सोल्डरिंग आयर्न हातात घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. डॉन लुइस या अमेरिकी कीबोर्डवादकाने तेच केले होते. त्याने आपल्या ऱ्हिदम एसमध्ये इतके फेरफार केले की ते ऐकून, आपल्याच यंत्रातून हे भलतेच आवाज कसे येतात, असा प्रश्न काकेहाशींना पडला. पुढे लुइस रोलँडचा सल्लागार झाला.

एप्रिल १९७२ मध्ये काकेहाशींनी रोलँडची स्थापना केली. नव्या कंपनीचे पहिले उत्पादन होते ‘टीआर-७७’, म्हणजे पुन्हा एक तालयंत्र.

दरम्यान अमेरिकेत इंटेलने १९७१ मध्ये ‘४००४’ हा चार बिटांचा मायक्रोप्रोसेसर विकायला काढला होता. कॅल्क्युलेटर, खेळणी, धुलाईयंत्रे अशा वस्तूंत लवकरच प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीच्या पिना एकाच तुकड्यावर असलेल्या चिपा शिरल्या. स्वस्त, मंद आणि बारीकसारीक हुकूम बिनचूक पाळणाऱ्या. तालयंत्राला नेमके हेच हवे होते. डायोडच्या जाळीत कायमचे जखडलेले ताल आता मेमरीत लिहिता-पुसता येणार होते. १९७८ च्या ‘सीआर-७८’ मध्ये रोलँडने मायक्रोप्रोसेसर बसवला आणि वादकाला स्वतःचे चार ताल साठवण्याची सोय दिली. फिल कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ या १९८१ च्या गाण्यात सुरुवातीपासून जो थंड, टिकटिकता ताल चालू राहतो, तो याच यंत्राचा. चिपने ताल लक्षात ठेवला. आवाज मात्र अजून सर्किटचाच होता.

चिपने आवाजही काढावा, असे कुणाच्या मनात आले नाही असे नाही. कॅलिफोर्नियातला गिटारवादक-अभियंता रॉजर लिन याने १९८० मध्ये ‘एलएम-१’ बाजारात आणले. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रण आकड्यांच्या रूपात चिपांत भरलेले होते. सेकंदाला सुमारे २८,००० नमुने, प्रत्येक नमुना आठ बिटांचा. ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. यंत्राच्या यादीत बेस ड्रम होता, स्नेअर होता, हाय-हॅट आणि टाळ्या होत्या. पण मोठी झांज नव्हती. कारण साध्या हिशेबाचे. बेस ड्रमचा ठोका क्षणार्धात विरतो, त्याला काही हजार बाइट पुरतात. झांज चार सेकंद घुमते. २८,००० गुणिले चार म्हणजे लाखाच्या वर बाइट. त्या वेळच्या मेमरीच्या भावात हे परवडणारे नव्हते. झांजेवाचूनही यंत्राची किंमत ५,००० डॉलरच्या घरात गेली आणि ५०० च्या आसपासच नग बनले. ते प्रिन्ससारख्या बड्या कलाकारांकडे गेले.

रोलँडला सामान्य वादकाला परवडेल असे यंत्र हवे होते. मेमरी महाग, तेव्हा तादाओ किकुमोतो यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी आवाज सर्किटांतूनच काढायचे ठरवले. खऱ्या ड्रमची तहान सर्किटच्या ताकावर भागवायची, असा हा व्यवहारी निर्णय होता. आवाजांची सर्किटे हिरो नाकामुरा यांनी रचली. यंत्राची किंमत ठरली १,१९५ डॉलर. ते होते टीआर-८०८.

या यंत्रातला एकच ठोका जवळून पाहण्यासारखा आहे. सोळा बटणे म्हणजे एका आवर्तनाचे सोळा भाग. तीनतालाच्या मात्रांशी हा आकडा जुळतो तो योगायोगाने. इथे चार ठोक्यांच्या पाश्चात्त्य मापाचे प्रत्येकी चार तुकडे केलेले आहेत. वादकाने पहिले आणि पाचवे बटण दाबले की चिप मेमरीतल्या त्या जागी खूण करते. यंत्र सुरू झाले की ती एकेक भाग ओलांडत जाते, खूण असलेल्या जागी बेस ड्रमच्या तारेवर सुमारे एक मिलिसेकंदाचा विजेचा धक्का सोडते आणि पुढच्या भागाकडे वळते. ‘ॲक्सेंट’ दिलेला असेल तर धक्का जोरकस, नाहीतर सौम्य. चिपचे काम संपले.

आता सर्किटची पाळी. ऑप-अँपच्या वळशात बसवलेली दोन कपॅसिटर आणि दोन रेझिस्टर यांची ‘ब्रिज्ड-टी’ नावाची जोडणी हा धक्का झेलते. टोल पडल्यावर देवळाची घंटा घुमत राहावी तशी ती घुमू लागते, सेकंदाला सुमारे ५० कंपनांनी. पहिले काही मिलिसेकंद एक ट्रान्झिस्टर मधला रोध घटवून ठेवतो, त्यामुळे आरंभीचा सूर वर चढलेला असतो आणि ठोक्याला ‘ठप्’ असा आघात मिळतो. मग सूर खाली येतो आणि लांबत जातो. ‘डिके’ची घुंडी फिरवली की घुमारा आणखी लांबतो. आधीचा घुमारा विरायच्या आत दुसरा धक्का आला तर तो उरलेल्या कंपनावर जाऊन पडतो, त्यामुळे लागोपाठचे दोन ठोके तंतोतंत सारखे निघत नाहीत. हा जिवंतपणा कुणी मुद्दाम भरलेला नव्हता. तो त्या जोडणीच्या स्वभावातच होता.

झांजेसाठी नाकामुरांच्या सर्किटात सहा दोलक आहेत. चौकोनी लहरींचे, आणि एकमेकांशी सुरात न जुळणारे. सगळे एकदम वाजवायचे, फिल्टरने खालचा भाग कापायचा आणि उरलेला खणखणाट हळूहळू विरवायचा. त्यांतलेच दोन, एक ५४० हर्ट्झच्या आसपासचा आणि एक ८०० च्या, वेगळे काढले की काउबेल. खऱ्या काउबेलशी त्याचे नाते दूरचेच. तरी जगात तो आवाज कुणीही ओळखतो.

स्नेअर, टाळ्या आणि मराकस यांना ‘सळसळ’ लागते. ती एका ट्रान्झिस्टरला उलट्या दिशेने व्होल्टेज देऊन मिळवली जाई. काकेहाशींनी उतारवयात सांगितलेली हकिकत अशी, की इतरांच्या दृष्टीने सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर रोलँडने मुद्दाम विकत घेतले होते, कारण हवी तशी चरचर त्यांतूनच निघत होती. पुढे सेमीकंडक्टरचे कारखाने सुधारले, सदोष माल निघेनासा झाला आणि तो विशिष्ट ट्रान्झिस्टर मिळणे बंद झाले. १९८३ मध्ये सुमारे १२,००० नगांनंतर ८०८ चे उत्पादन थांबले.

बाजाराने तेव्हा फारशी हळहळ व्यक्त केली नाही. ‘हे ड्रमसारखे वाजत नाही’ हा आक्षेप खराच होता. एलएम-१ ऐकलेल्या कानांना ८०८ खेळण्यासारखे वाटे. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने मात्र १९८० च्या अखेरीस, यंत्र नवे असतानाच, ते टोकियोच्या बुडोकान सभागृहात मंचावर आणले. बेल्जियममध्ये मुक्कामाला असलेल्या मार्विन गेने १९८२ च्या ‘सेक्शुअल हीलिंग’साठी ते वापरले, भोवती वादकांचा ताफा नसतानाही गाणे उभे करता येते हे त्याला त्यात दिसले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’चे ध्वनिमुद्रण झाले. निर्माता आर्थर बेकर याच्याकडे ८०८ नव्हते. ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात तालयंत्रासह येणाऱ्या माणसाची, बैठकीला २० डॉलर अशी जाहिरात होती, तीच त्याच्या कामी आली. त्या एका गाण्याने हिप-हॉपला ८०८ चा बेस ड्रम मिळाला.

मुंबईतही हे यंत्र १९८२ मध्ये वाजत होते, आणि ज्याच्या हाती ते होते त्याने जगात कुणी केले नव्हते असे काही केले. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले जुने वादक. गिटार, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर असे जे नवे वाद्य येईल ते आपलेसे करणारे. त्यांनी रोलँडची तीन यंत्रे एकत्र जमवली: टीआर-८०८, बेसच्या ओळी वाजवणारे छोटेसे ‘टीबी-३०३’ आणि ‘ज्युपिटर-८’ हा सिंथेसायझर. चित्रपटांत तेव्हा डिस्कोचा सुकाळ होता. सिंगांनी डिस्कोचा ठेका ठेवला, गाणे वगळले आणि त्याच्या जागी राग बसवले. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी एचएमव्हीने काढली. तबला नाही, तानपुरा नाही. ८०८ ची चिप जे स्पंदन देते त्याच्याशी ३०३ बांधता येते आणि बेसची ओळ ठेक्याला चिकटून धावते. वर हाताने वाजवलेल्या रागाच्या ताना.

तबकडी चालली नाही. रागसंगीताच्या रसिकांना ती यंत्राची वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना रागाची. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली. त्यांनी मुंबईत सिंगांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चक्रावून गेले, कारण ‘ॲसिड हाउस’ नावाच्या ज्या शैलीचा उगम ते शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या १९८७ च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये मानत, तिच्याशी विलक्षण साम्य असलेले संगीत पाच वर्षे आधी मुंबईत झाले होते. शिकागोच्या मुलांनी सिंगांची तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही; सारखेपणा आला तो सारख्या यंत्रांतून. चरणजित सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. त्याआधी शेवटच्या काही वर्षांत त्यांना युरोपातल्या महोत्सवांत ही यंत्रे पुन्हा वाजवता आली.

रोलँडचे पुढचे पाऊल १९८३ चे ‘टीआर-९०९’. एव्हाना मेमरी थोडी स्वस्त झाली होती, थोडीच. किकुमोतोंनी वाटणी नव्याने केली. बेस ड्रम, स्नेअर, टॉम आणि टाळ्या सर्किटकडेच ठेवल्या. हाय-हॅट आणि झांजा डिजिटल केल्या. खऱ्या झांजांचे ध्वनिमुद्रण सहा बिटांत, म्हणजे अवघ्या ६४ पायऱ्यांत, बसवले. इतक्या ओबडधोबड मुद्रणाची शेपूट कानाला खरखरीत लागणार, हे उघड होते. त्यावर त्यांनी तोड काढली: चिपमधले आकडे शेवटपर्यंत भरघोस ठेवायचे आणि आवाज विरवण्याचे काम ॲनालॉग सर्किटला द्यायचे. मग आवाज लहान होतो तशी खरखरही त्याच्याबरोबर लहान होते.

इथेही मुख्य प्रोसेसर झांज वाजवत नव्हता. तो पूर्वीसारखाच धक्का देई. वेगळे गणक मेमरीतले आकडे एकेक करून पुढे सरकवत. ‘ट्यून’ची घुंडी गणकाचा वेग बदले, म्हणून झांजेचा सूरही बदले. सळसळीसाठी सदोष ट्रान्झिस्टरची वाट पाहायचीही गरज उरली नव्हती. शिफ्ट रजिस्टरमधले शून्य-एक चिपच्या घड्याळाच्या दर टिचकीला एक घर सरकवायचे, त्यांतले ठरावीक दोन बिट तपासून नवा बिट मागून आत ढकलायचा. निघणारी माळ पूर्णपणे हिशेबी असते, कानाला मात्र ती निव्वळ गोंगाटासारखी लागते.

९०९ चीही सुमारे १०,००० नगांनंतर गाशा गुंडाळायची वेळ आली. मेमरी भराभर स्वस्त होत गेली आणि १९८५ च्या ‘टीआर-७०७’ मध्ये सगळेच आवाज नमुन्यांचे झाले. ॲनालॉग यंत्रे मातीमोल भावाने जुन्या बाजारात गेली आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते त्यांच्या हाती पडली. डेट्रॉइटच्या डेरिक मेने आपले ९०९ शिकागोच्या फ्रँकी नकल्सला विकले. हाउस आणि टेक्नो या शैली या जुन्या मालावरच उभ्या राहिल्या. ज्या यंत्रांना खऱ्या ड्रमसारखे वाजता येत नाही म्हणून नाकारले होते, ती हवीशी झाली ती नेमकी वेगळी वाजतात म्हणून. पुढे पुढे चालू स्थितीतले ८०८ मिळवायला मूळ किमतीहून जास्त पैसे मोजावे लागू लागले.

भारतात मायक्रोकंट्रोलरने ताल धरण्याची वाट वेगळ्या गरजेतून निघाली. गायनाच्या विद्यार्थ्याला रियाझासाठी रोज तबलजी कुठून मिळणार? बंगळूरच्या राडेल कंपनीने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यापाठोपाठ ‘तालमाला’ हा इलेक्ट्रॉनिक तबला काढला, आणि महाराष्ट्रातल्या गायनवर्गांतही तो पोहोचला. इथे लय घटवता-वाढवता येणे, ठेका न चुकणे आणि पट्टी जुळवता येणे महत्त्वाचे होते. बोल ओळखू आले की विद्यार्थ्याचे काम भागत असे.

घरच्या टेबलावर ध्वनी घडवण्याचे दार उघडले ते २००५ नंतर. इटलीतल्या इव्हरेआ गावच्या डिझाइन संस्थेत ‘आर्डुइनो’ हा मायक्रोकंट्रोलरच्या पाट्यांचा प्रकल्प जन्माला आला. त्याच्या ‘ऊनो’ या पाटीवर ‘एटीमेगा ३२८पी’ ही आठ बिटांची चिप आहे. वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट, कामापुरती मेमरी दोन किलोबाइट. दिवे लुकलुकवण्यासाठी लोकांनी ती घेतली आणि थोड्याच काळात तिच्याकडून ढोल वाजवून घेऊ लागले.

या चिपला आवाज बाहेर काढायला स्वतंत्र मार्ग नाही; तिच्या पिनेवर एक तर पाच व्होल्ट असतात, नाहीतर शून्य. त्यावरची युक्ती अशी, की पिन सेकंदाला ६२,५०० वेळा चालू-बंद करायची आणि प्रत्येक वेळी ती किती काळ चालू ठेवायची हे २५६ पायऱ्यांत बदलायचे. पुढे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावला की झटके सपाट होतात आणि लहर उरते. आता सेकंदाला २०,००० नमुने काढायचे म्हटले तर १६ मेगाहर्ट्झच्या चिपला प्रत्येक नमुन्यासाठी ८०० टिचक्या मिळतात. तेवढ्यात बेस ड्रम, स्नेअर, हाय-हॅट या सगळ्यांचा हिशेब, त्यांची बेरीज आणि वर बटणे-दिव्यांची देखभाल. दशांश अपूर्णांकांचे गणित करायला या चिपकडे यंत्रणाच नाही. म्हणून साइन लहरीचे २५६ आकडे आधीच तक्त्यात भरून ठेवायचे आणि त्या तक्त्यातून हव्या त्या वेगाने चालायचे. सळसळीसाठी ९०९ चीच शिफ्ट रजिस्टरची कृती, फक्त आता प्रोग्रॅमच्या चार ओळींत.

खरी झांज मुद्रित करून भरावी म्हटले तर जुनाच अडथळा आडवा येतो. २०,००० च्या वेगाने ३२ किलोबाइट म्हणजे दीड सेकंदाच्या जेमतेम वर. रॉजर लिनला १९८० मध्ये जी झांज मावली नाही, ती इथेही मावत नाही. म्हणून हौशी मंडळी नाकामुरांच्या सहा दोलकांकडे वळली. चौकोनी लहर ही चिपसाठी सगळ्यांत स्वस्त लहर: मोजणी करायची आणि वेळ आली की बिट उलटायचा. सर्किटमध्ये ज्याला सहा दोलक, फिल्टर आणि पसाराभर सुटे भाग लागतात, ते चिपमध्ये सहा बेरजांवर भागते.

बेस ड्रमची गोष्ट उलटी. सर्किटमध्ये तो मूठभर भागांत होतो आणि सुरेख होतो. आठ बिटांच्या चिपमध्ये मात्र त्याची लांब शेपूट उघडी पडते. लहर विरत जाऊन शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर आली की गोल घुमाऱ्याच्या जागी किरकिर ऐकू येते. अशा वेळी कुणी चिपच्या पुढे ॲनालॉग व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने आवाज लहान-मोठा करणारे सर्किट, लावतो आणि ९०९ च्या अभियंत्यांनी काढलेल्या तोडग्यावर आपसूक येऊन पोहोचतो. दुसरी डोकेदुखी लयीची. दिव्यांची मांडणी बदलण्यात चिप गुंतली आणि ठोका दोन-तीन मिलिसेकंद इकडेतिकडे झाला, तर एखादा ठोका ऐकणाऱ्याला कळणार नाही. पण दर आवर्तनात तो डळमळला तर ठेका लंगडतो. म्हणून नमुने काढायचे काम टायमरच्या ‘इंटरप्ट’वर, म्हणजे हातचे काम थांबवायला लावणाऱ्या इशाऱ्यावर, बांधायचे आणि बाकी सगळे उरल्यासुरल्या वेळात करायचे, हा धडा प्रत्येक जण कधी ना कधी शिकतोच.

नंतरच्या चिपांनी ही कुचंबणा संपवली. ३२ बिटांच्या ‘एसटीएम३२’ मालिकेतल्या काही चिपा १६८ मेगाहर्ट्झने धावतात आणि अपूर्णांकांचे गणित थेट हार्डवेअरमध्ये करतात. फ्रान्समध्ये एमिली जिले यांच्या म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्सने २०१३ मध्ये ‘पीक्स’ हे छोटे मॉड्यूल काढले आणि त्याचा प्रोग्रॅम सर्वांना खुला ठेवला. त्यात बेस ड्रमसाठी ध्वनिमुद्रण नाही. प्रोग्रॅम एका आकडेमोडीच्या फिल्टरला धक्के देतो आणि तो फिल्टर घुमतो. म्हणजे सर्किटची कृती जशीच्या तशी गणितात उतरवलेली. २०१५ मध्ये स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंगने ‘पीओ-१२’ हे खिशात मावणारे, उघड्या पाटीचे, दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालणारे तालयंत्र विकायला काढले. एका मायक्रोकंट्रोलरमध्ये १६ आवाज, किंमत ६० डॉलरच्या आत.

विद्यापीठांनीही ८०८ मनावर घेतले. स्टॅनफर्डच्या संगीत-संशोधन केंद्रातल्या कर्ट वर्नर, जोनाथन एबल आणि ज्युलियस स्मिथ यांनी २०१४ मध्ये त्याच्या बेस ड्रमचे सर्किट भाग-भाग सुटे करून गणितात मांडले. सूर खाली घसरतो तो नेमका कोणत्या ट्रान्झिस्टरमुळे, दोन ठोके सारखे का नसतात, हे त्यातून समजले. त्याच वर्षी खुद्द रोलँडने ‘टीआर-८’ आणले. त्यात ८०८ आणि ९०९ या दोन्हींची सर्किटे डिजिटल गणितात उतरवलेली होती, अगदी त्यांच्या खोडींसकट. पाच वर्षांनी बेरिंगरने ‘आरडी-८’ काढले, ते मात्र पुन्हा ॲनालॉग सर्किटांचे. दोन्ही यंत्रे खपली. काकेहाशींना २०१३ मध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणाऱ्या ‘मिडी’ या संकेतासाठी, डेव्ह स्मिथ यांच्याबरोबर तांत्रिक ग्रॅमी मिळाले. १ एप्रिल २०१७ रोजी ते वारले.

आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत गेलात तर मायक्रोकंट्रोलरची पाटी, ऑप-अँप, रेझिस्टर आणि कपॅसिटर एकाच फेरीत पिशवीत पडतात. स्वतः तालयंत्र जुळवायचे मनात असेल तर सगळे आवाज चिपवर लादू नका आणि सगळे सर्किटमधूनही काढत बसू नका. बेस ड्रम आणि टॉम ब्रिज्ड-टीवर ठेवा; हाय-हॅट, झांज आणि सळसळ चिपला द्या; आवाज विरवण्याचे काम व्हीसीएकडे सोपवा. किकुमोतोंनी १९८३ मध्ये मेमरीच्या भावाकडे बघून केलेली ही वाटणी मेमरी कवडीमोल झाल्यावरही बदलावी लागलेली नाही.